उडी तुमची, बरोबरी माझी

भांडणातून उठून जायची इतकी झकास रीत मी उभ्या जन्मात दुसरीकडे पाहिली नाही. समोरचा माणूस एखादी गोष्ट एकदा बोलला की सुभेदार ऐकून घ्यायचे. तीच दुसऱ्यांदा बोलला की नुसती मान हलवायचे. आणि तिसऱ्यांदा बोलला रे बोलला, की हा सहा फुटी माणूस ताडकन उभा राहणार, उजवा हात पुढे करणार आणि म्हणणार, "बरोबरी!" समोरच्यानं हात मिळवला तर उत्तम. नाही मिळवला तर त्याचा लोंबता हात स्वतःच उचलून हलवायचे आणि चालू लागायचे. भांडण खलास.

मंडईत एकदा मी त्यांच्याबरोबर होते. वांगीवालीनं भाव सांगितला. यांनी कमी कर म्हटलं. तिनं तोच भाव सांगितला. यांनी पुन्हा कमी कर म्हटलं. तिनं पुन्हा तोच सांगितला. झालं! "बरोबरी!" म्हणत तिचा मातीनं भरलेला हात हलवला आणि निघाले. बाई बिचारी आपल्या हाताकडे बघत राहिली आणि आम्ही घरी येऊन पिठलं खाल्लं. एकदा कीर्तनात बुवांनी एकच पालुपद घोळवत घोळवत तिसऱ्यांदा धरलं, तर हे भरल्या मंडपातून लोकांच्या मांड्या ओलांडत पुढे गेले आणि बुवांचा हात चिपळ्यांसकट हलवून आले. बुवांना वाटलं, स्वारी खूश झाली. त्यांनी तेच पालुपद आणखी चढ्या आवाजात सुरू केलं. चौथ्यांदाचं काय करायचं याचा नियम सुभेदारांजवळ नव्हता, त्यामुळे ते सरळ घरी निघून आले.

सुभेदार म्हणजे माझे साताऱ्याचे घरमालक. मूळचे पाटणकडचे. पहिल्या लढाईत पायाला गोळी लागली, पुढं पेन्शनीत निघाले आणि किल्ल्याच्या पायथ्याशी चार खणांचं कौलारू घर बांधून राहिले. बायको मी राहायला येण्याआधीच वारली होती. दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि एकट्या पोरीला खोली द्यायला सातारा शहरात कुणी तयार नव्हतं. कुणाकडे सोवळं, कुणाकडे तरणाताठा मुलगा. शेवटी कुणीतरी या विक्षिप्त माणसाकडे पाठवलं. ते सोप्यावर बसून एका सोंगटीला तेल पुसत होते.

"कुठल्या तुमी?"

"सांगलीची."

"मंग बुद्धिबळ येत असंल."

"सोंगट्या कशा चालतात एवढं येतं. वडील खेळतात."

"देशी का विलायती?"

"देशी."

त्यांनी असा उसासा टाकला, की मला वाटलं खोली गेली. पण म्हणाले, "असूं द्या. समदीच मानसं शिकून येत न्हाईत. सामान कवा आणताय?"

वर त्यांना हेही वाटत होतं की शाळेतली बाई घरात असली म्हणजे सुनेला दोन अक्षरं येतील. सून म्हणजे हौसा. लग्न होऊन आली तेव्हा कोवळी पोर होती. नवरा पलटणीत. रजेवर आला, लग्न झालं, रजा संपली, गेला. एवढाच तिचा संसार. पण तोंडावर कधी रड नाही. पहाटे उठून चूल पेटवायची, पाणी भरायची, आणि दुपारी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडता निवडता सासऱ्याचा डाव बघायची. सुभेदारांना खेळायला कुणी मिळालं नाही की ते दोन्हीकडून स्वतःच खेळायचे, आणि स्वतःच्याच एखाद्या चालीवर "वा रं गड्या!" म्हणायचे.

त्या घराच्या दुपारी मला अजून सुटत नाहीत. थंडीच्या दिवसांत ऊन कललं की किल्ल्याची सावली हळूच अंगणात उतरायची, तुळशीवरून सोप्यावर चढायची, आणि सगळ्या वस्तू पाण्याखाली गेल्यासारख्या निवांत दिसायला लागायच्या. शाळा सकाळची असली की मी जेवून आतल्या खोलीत आडवी व्हायची. बाहेरून सुभेदारांचा आवाज यायचा, "शह." मग बराच वेळ काही नाही. लांब कुठंतरी बैलांची घुंगरं. मग पुन्हा, "शह." हौसाच्या सुपातल्या तांदळाची सळसळ. पुन्हा, "शह." डुलकीत मला कळायचंच नाही, ही आजची दुपार की मागल्या महिन्यातली. उठून बघावं तर सुभेदार तसेच मांडी घालून बसलेले, हौसा तशीच उंबऱ्यात, आणि सावलीही तिथंच.

बरोबरीचा नियम ते कुठं शिकले, ही गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली. स्वतःला तिसऱ्यांदाचा नियम लागू नव्हता!

"बसऱ्याला दवाखान्यात पडलो हुतो बगा. गोऱ्यांचा दवाखाना पल्याड, आमचा अल्याड, मधी एक व्हरांडा. थितं दुपारचा एक गोरा सार्जंट यायचा. त्येचा जबडा फुटल्याला, तोंडाला समद्या पट्ट्या. मला इंग्रजी येत न्हाई, त्येला बोलता येत न्हाई. लय ब्येस जमलं आमचं. एक दिस खेळता खेळता त्यो तीन बोटं दावतोय आन् हात फुडं करतोय. मला वाटलं, तीन विड्या मागतोय. दिल्या. गडी रडकुंडीला आला. जबडा फुटल्याला मानूस, विडी कुठनं वडणार?"

मग म्हणे त्या गोऱ्यानं पटावरच्या सोंगट्या मागं नेल्या, पुढं आणल्या, पुन्हा मागं नेल्या, पुन्हा पुढं आणल्या, आणि प्रत्येक वेळी एक एक बोट वर केलं. तिसरं बोट वर झालं तेव्हा सुभेदारांच्या डोक्यात उजेड पडला. तीच मांडणी तीनदा आली की डाव कुणाचाच नाही. हात मिळवायचा आणि उठायचं. "त्या दिसाला मला कळलं बगा, भांडान कुठं थांबवावं ह्येचा बी कुणीतरी इचार केल्याला हाय," असं म्हणून ते माझ्याकडे असे बघायचे, जसा काही तो नियम त्यांच्या थोरल्या भावानंच केला होता.

मला मात्र तो नियम सहजी कळला नाही. मी आपली समजत होते, एकच चाल तीनदा केली की झाली बरोबरी. एकदा हरायला लागल्यावर मी घोडा बाहेर काढला, आत घेतला, बाहेर काढला, आत घेतला, तिसऱ्यांदाही तेच केलं आणि ऐटीत हात पुढं केला. सुभेदार हसून हसून लाल झाले.

"आवं बाई, घोडं तुमचं ग्येलं आन् आलं. पर तवर माजं प्यादं कुठं आलंय बगा की! तुमचं घोडं तबेल्यात परत आलं म्हनून बाकीचं जग थांबलं हुतं व्हय?"

"मग काय तीनदा यायला पाहिजे?"

"मांडणी. समद्यांची. तुमची बी आन् माजी बी. जी सोंगटी ज्या घरात हुती त्याच घरात पायजेल, आन् चाल बी त्याच गड्याची पायजेल. मधी कितीक चाली हुंदेत, त्येचं काय न्हाई. कोन कुठनं आलं, कसं आलं, ते इचारायचं न्हाई. आता कोन कुठं हाय, एवढंच बगायचं."

उंबऱ्यात हौसा सूप थांबवून ऐकत होती. तेव्हा मला वाटलं, विरंगुळा म्हणून ऐकत असेल.

मग एक दिवस तार आली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून मुलगा बेपत्ता. मेला असं नाही, सापडला असं नाही, धरला गेला असंही नाही. सुभेदारांनी तार माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा वाचू दिली नाही.

वर्ष असंच गेलं. मग कुंडलहून हौसाचे वडील आले. आम्ही त्यांना पाव्हणेच म्हणायचो. गोल अंगाचा, हसऱ्या तोंडाचा, ऊसवाला शेतकरी. रेल्वेनं सातारा रोडला उतरून पुढं मोटारीनं यायचे आणि येताना गुळाची ढेप आणायचे. त्या दिवशी ढेप दारात ठेवली आणि हसू बाहेर ठेवूनच आत आले.

"सुभेदार, पोरीला न्यायला आलोय."

"न्या की. म्हैनाभर ऱ्हाऊ द्या माह्यारी."

"माह्यारपनाला न्हवं."

हौसा आत गेली. पाव्हणे खालमानेनं म्हणाले, "पलूसकडं एक जागा हाय. शेतीवाडीचा मानूस, बायकू वारल्याली. सुभेदार, पोरीचं वय काय हाय वो? तिनं किती बसायचं?"

त्यांच्यात पाट लागायचा, म्हणजे बाईचं दुसरं लग्न व्हायचं, त्यात कमीपणा कुणी मानत नव्हतं. पण आधीच्या सासऱ्यानं चार माणसांत "पोर मोकळी केली" असं म्हटल्याशिवाय ते पाऊल टाकता येत नव्हतं. सगळं सुभेदारांच्या जिभेवर होतं.

"त्यो मेलाय असं सरकार म्हनत न्हाई," सुभेदार म्हणाले.

"त्यो हाय असं बी सरकार म्हनत न्हाई."

"त्यो मेलाय असं सरकार म्हनत न्हाई, पाव्हनं."

"आन् हाय असं बी म्हनत न्हाई!"

मी श्वास धरून बसले. आता तिसऱ्यांदा कुणी बोललं की सुभेदार उठणार, हात हलवणार, आणि या पोरीच्या जन्माचा प्रश्न वांग्यांसारखा मंडईत सोडून येणार! पाव्हणे तिसऱ्यांदा तेच बोलले. सुभेदार उठले खरे, पण त्यांचा हात पुढं झाला नाही.

"हौसा," ते म्हणाले, "पट आन."

ठरलं ते असं. डाव पाव्हण्यांनी जिंकला, तर पोर मोकळी. सुभेदारांनी जिंकला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. पाव्हणेही काही लेचेपेचे नव्हते, कुंडलात देवळाच्या कट्ट्यावर त्यांना कुणी हरवत नसे. पण ते खेळायचे देशी. देशी खेळात राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. मात्र एकदा का राजाला शह बसला, की ती उडी कायमची गेली. विलायतीत असलं काही नाही. सुभेदार उडी मानायला तयार नव्हते, पाव्हणे बरोबरी मानायला तयार नव्हते. सोंगट्या मांडून झाल्या तरी दोघं नियमांवरून भांडतायत! शेवटी सुभेदारच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. उडी तुमची, बरोबरी माजी. दोनी चालतील."

अशी खिचडी जगात कुठं खेळली गेली नसेल. पण त्या सोप्यावर ती दोन वर्षं खेळली गेली.

पहिला डाव बरोबरीत सुटला. पुढच्या महिन्यात पाव्हणे पुन्हा आले, गुळासकट. तोही बरोबरीत. मग ते येतच राहिले. दोघं खेळायला बसले की बघत राहावं. पाव्हण्यांचा जोर वाढला, मात आता दोन चालींवर आली असं वाटलं, की सुभेदारांचा वजीर कुठूनसा निघायचा आणि शह द्यायचा. राजा बाजूला सरकला की दुसरीकडून शह. राजा परत आला की पहिल्या जागेवरून शह. इकडून शह, तिकडून शह, घड्याळाच्या लंबकासारखं. मग सुभेदार तीन बोटं वर करायचे आणि हात पुढं करायचे. पाव्हणे हात मिळवून म्हणायचे, "काय मानूस हाय वो ह्यो!" मग दोघं मिळून जेवायचे. एकमेकांवर जीव होता, हीच तर पंचाईत होती.

मी अर्धवट झोपेत ते शह ऐकायची. कधी कधी मला वाटायचं, या घरात काळ आत आला आहे आणि वाट विसरून सोप्यावरच फिरतो आहे.

पण एक दिवस माझी झोप उडाली. त्या डावात जोर सुभेदारांचा होता. हत्ती एक घर खाली आणला असता तर मात होती. माझ्यासारख्या घोडा आतबाहेर करणारीला दिसत होतं ते! आणि या माणसानं हत्ती तिथंच ठेवून वजिरानं शह द्यायला सुरुवात केली. बरोबरी. पाव्हणे गेल्यावर मी त्यांना गाठलंच.

"सुभेदार, सांगलीची आहे मी. मला फसवू नका. डाव तुमचा होता."

"दिसलं व्हय तुमास्नी?"

"मग जिंकला का नाहीत?"

ते सोंगट्या पिशवीत भरू लागले. "जिंकून काय करू, बाई? तिला जलमभर दाव्याला बांधू? जिंकायला मन धजत न्हाई. आन् हरू कसं? हरलो म्हंजी ल्येकाला म्याच माती दिली. बरोबरी हाय तवर त्यो कुठंतरी जित्ता हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तितकाच रागही आला. मी म्हटलं, "आणि हौसाला कुणी विचारलंय का?" ते किल्ल्याकडे बघत राहिले. आठवड्यानं मी पुन्हा तेच विचारलं. त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते उठले, माझा हात हातात घेऊन हलवला आणि "बरोबरी" म्हणून बाहेर निघून गेले. असा संताप आला होता, की त्या रात्री मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

हौसाला मीच विचारलं. आडावर पाणी शेंदत होती. "तुला काय वाटतं गं?"

"मला काय वाटायचंय, बाई. ते डावात ठरतंय." मग घागर काठावर टेकवून म्हणाली, "येक सांगू? त्यांचं त्वांड ध्येनात आनाय बसलं ना, तर आता मामंजींचंच त्वांड फुडं येतंय. त्यांचं येतच न्हाई." आणि माझ्याकडे न बघता घागर कमरेवर घेऊन निघून गेली.

लढाई संपली. मोटार स्टँडावर खाकी कपडे उतरायला लागले. कुणाचा हात गेलेला, कुणी कैदेतून सुटून काडीसारखा झालेला, पण येत होते. घराघरांतून ओवाळण्या होत होत्या. सुभेदार रोज कोट घालून स्टँडावर जायचे, उतरणाऱ्या प्रत्येकाला सलाम करायचे आणि परत यायचे. हळूहळू मोटारींतून खाकी कपडे उतरेनासे झाले. नुसते बाजाराला येणारे लोक, मेढ्याच्या म्हाताऱ्या, कोंबड्यांच्या डालग्या. तरी हे जात होते. सलाम करायला कुणी नसला की ड्रायव्हरला करायचे.

अशात पाव्हणे आले. गूळ होताच. पण या खेपेला बसता बसता म्हणाले, "सुभेदार, त्यो पलूसचा मानूस आता थांबायचा न्हाई. दुसरी जागा बगतोय. ह्यो डाव काय त्यो शेवटचा."

हिवाळ्याची दुपार होती. धुकं किल्ल्यावरून पुरतं गेलंच नव्हतं, त्यामुळे सावली आणि ऊन यांतला फरकही कळत नव्हता. हौसा उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. मी खांबाला टेकून होते. पाव्हणे त्या दिवशी असे खेळले, की काय सांगू! एक प्यादं फुकट दिलं नाही. राजा एका कोपऱ्यात बसवला, त्याला कुठून शह लागू दिला नाही, उडीसुद्धा शेवटपर्यंत जपून ठेवली. सुभेदारांचा राजा मात्र उघडा पडला. मात समोर दिसत होती. आता एकच वाट उरली होती, आणि ती वाट सुभेदारांइतकी कुणाला पाठ होती? वजीर उचलला.

"शह."

राजा बाजूला झाला.

"शह."

राजा परत आपल्या घरात आला. मांडणी पहिल्यासारखी. सुभेदारांनी दोन बोटं वर केली. पुन्हा इकडून शह, पुन्हा तिकडून शह, राजा पुन्हा त्याच घरात. तिसरं बोट वर आलं. सुभेदार उभे राहिले. पाव्हण्यांचं तोंड उतरलं, पण भला माणूस, धोतराला हात पुसून त्यांनी पुढं केला.

"मामंजी, हात मिळवू नगासा."

दोन वर्षांत त्या पोरीनं दोन पुरुषांच्या मध्ये तोंड उघडलं नव्हतं. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या ओच्यात शेंगांची टरफलं होती आणि ती पटाकडेच बघत होती.

"तिसरी खेप न्हवं ही. दुसरी हाय."

"आगं, गप!" पाव्हणे म्हणाले.

"गप न्हवं. बोलू द्या तिला," सुभेदार म्हणाले. "तीनदा आली की ग पोरी. समद्या सोंगट्या त्याच घरात हाईत."

"व्हय, सोंगट्या त्याच घरात हाईत. पर पैल्या बारीला माज्या आबांच्या राजाला शह बसला नव्हता. त्येची उडी शिल्लक हुती." तिनं पाव्हण्यांच्या राजाकडे बोट केलं. "मंग शह बसला आन् उडी ग्येली. आता त्यो त्याच घरात बसलाय, पर त्येला उडी मारता येत न्हाई. मंग त्योच राजा कसा म्हनायचा, मामंजी? दिसतंय तसंच. पर पैल्यासारकं न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विलायती नियमात उडी नव्हती आणि देशी खेळात बरोबरी नव्हती, त्यामुळे हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता. खरंच, पहिली मांडणी वेगळी होती. तेव्हा राजाला एक वाट होती.

सुभेदार खाली बसले. पटाकडे बघितलं, मग सुनेकडे. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं सरळ बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आलेली कोवळी पोर आता राहिली नव्हती. हाताची नखं झिजली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"पुन्यांदा सांग," ते म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांग, असं ते म्हणाले नाहीत.

"बरूबर हाय. दोनदाच आली."

पाव्हणे सुटल्यासारखे हसले. त्यांना यातलं निम्मं कळलं असावं. "मंग त्यात काय? द्या आनी एक फेरा शहाचा, म्हंजी झाली तिसरी खेप. मिळवू हात आन् जेवू या. काय ही पोर बी!"

खरंच होतं ते. दोन शह द्यायचे, तिसरी खेप होणार, डाव कुणाचाच नाही, आणि घर पुन्हा आपलं जसंच्या तसं. सुभेदारांनी वजीर उचलला. तो वजीर हातात किती वेळ होता मला माहीत नाही. धुक्यात कुठं घुंगरं वाजत होती. त्या घरातल्या सगळ्या दुपारी एकावर एक रचल्यासारख्या त्या हाताखाली थांबल्या होत्या आणि मला वाटत होतं, यांनी हात खाली आणूच नये.

त्यांनी वजीर ठेवला. शहाच्या घरात नव्हे. उंटाच्या तोंडात.

पाव्हणे दचकले. "सुभेदार, चुकला तुमी. परत घ्या."

"हात लावला, सोडला, चाल झाली. खावा."

"आवं, आसं काय करताय? म्या न्हाई बगितलं. घ्या परत!"

"पाव्हनं, खावा म्हनतो न्हवं!"

पलटणीतला आवाज होता तो. पाव्हण्यांनी वजीर मारला. पुढचं काही खेळ म्हणण्यासारखं नव्हतं. थोड्याच चालींत मात झाली. दोन वर्षांत एकही डाव न हरलेला माणूस पटाकडे वाकून बघत होता, आणि जिंकलेला माणूस खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसत होता.

सुभेदारांनी शेजारची दोन माणसं बोलावली, मला उभं केलं, कोट घातला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "सूनबाई मोकळी केली." दुसऱ्यांदा म्हणायची गरज नव्हती.

हौसाचं सामान ते काय, एक ट्रंक. मोटारीची वेळ झाली तशी ती सोप्यावर आली, सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचना. मी धरून उठवलं तेव्हा चेहरा भिजला होता.

"मामंजी," ती म्हणाली, "आन् त्ये आलं तर? तुमी त्यांस्नी काय सांगाल?"

सुभेदारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगीन, तुजा बाप खेळात कच्चा निघाला. त्यो डाव हरला. सुनंनं काय बी केलं न्हाई."